कावळा, फांदी आणि लाल तेल

टेक्सासमध्ये दोन सज्जनांत कायमचं भांडण लावायचं असेल तर धर्म किंवा राजकारण मध्ये आणावं लागत नाही. दारात उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या पिकपकडे बोट दाखवायचं आणि सहज विचारल्यासारखं करायचं, "दोन लाख मैल होऊन गेले. ट्रान्समिशनचं तेल कधी बदललंय की नाही कुणास ठाऊक. बदलावं का?" एवढं बोलून आपण आत चहा टाकायला जावं. बाहेर येईपर्यंत शेजारी, शेजाऱ्याचा मेव्हणा, कुत्रं फिरवायला निघालेले एक निवृत्त गृहस्थ आणि पत्ता चुकलेला पार्सलवाला एवढी माणसं जमलेली असतात, आणि त्यांतल्या ज्याच्याकडे ट्रकच नाही त्याचा आवाज सगळ्यात वर लागलेला असतो.

या जमावात दोन पंथ असतात. पहिला बदलवाद्यांचा. तेल जुनं झालं की काढायचं आणि नवं घालायचं, यात विचारण्यासारखं काय आहे, असा यांचा सवाल. हे लोक नीटनेटके असतात, त्यांच्या गॅरेजमध्ये पाने आकारानुसार टांगलेले असतात आणि गप्पा मारायला ते फार कंटाळवाणे असतात. दुसरा पंथ 'हात लावू नका'वाल्यांचा. खरी रंगत इथे. या पंथातल्या प्रत्येकाच्या माहितीत एक माणूस असतो. त्याचा ट्रक लाख-दीड लाख मैल एखाद्या गाईसारखा गुणी चालत होता. मग कुणीतरी त्याचे कान भरले, त्याने तेल बदललं, आणि तिसऱ्या दिवशी भर हायवेवर गिअर पडायचे बंद झाले. हा माणूस स्वतः कधी भेटत नाही. तो नेहमी कुणाचा तरी साडू असतो, ओक्लाहोमात राहतो, आणि ट्रक बंद पडतो तो तिसऱ्याच दिवशी. दुसऱ्या नाही, चौथ्या नाही. मी ही कथा इतक्या जणांकडून ऐकली आहे की ओक्लाहोमात केवळ या साडूंची एखादी स्वतंत्र वसाहत असली पाहिजे.

ट्रक म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दहा चाकं, बंपरला लिंबू-मिरची आणि हॉर्न वाजवायची विनंती उभी राहते. अमेरिकेतला ट्रक म्हणजे पिकप. त्याला मऊ खुर्च्या असतात, थंडगार हवा असते, गिअर आपोआप पडतात, आणि मागचा हौदा बहुतेक वेळा रिकामा असतो. फोर्डची एफ-सीरिज १९७७ पासून या देशात सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. त्यातल्या पुष्कळशा ट्रकांनी आयुष्यात वाहिलेला सर्वांत मोठा बोजा म्हणजे एक मालक आणि त्याच्या हातातला कॉफीचा पेला. माझा एफ-१५० २००६ सालचा, सेकंडहँड घेतलेला. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत अशी गाडी बाळगणं म्हणजे आपल्या सांपत्तिक स्थितीविषयी जाहीर निवेदन देण्यासारखं आहे. एरवी लोक माझ्या ट्रकशेजारी आपली गाडी लावतानाही दोन जागा सोडून लावतात. भाद्रपद जवळ आला की मात्र फोन सुरू होतात. "दादा, तुमचा तो ट्रक आहे ना अजून?" मग गणपतीची मूर्ती, मखर, स्टेजच्या फळ्या, पथकाचे ढोल आणि दोनशे माणसांच्या मसालेभाताचं पातेलं, अशी सगळी संस्कृती त्या हौद्यात चढते. महाराष्ट्राबाहेर मराठी बाणा टिकवायचा तर कुणाकडे तरी पिकप असावाच लागतो.

तर या ट्रकचा आकडा दोन लाख बारा हजार मैलांवर गेला होता. किलोमीटर करून पाहिले तर तीन लाख एकेचाळीस हजार. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. चंद्रावरच्या माणसांशी ज्या गावातून बोलणं होत असे त्या गावात राहून हा हिशेब न करणं शक्य नव्हतं. फक्त चंद्रावर निघालेल्यांना वाटेत तेलाची चिंता नव्हती, आणि निघण्यापूर्वी शेजाऱ्याचं मत घ्यावं लागलं नव्हतं.

आपोआप पडणारे गिअर हा प्रकार मला आजही संशयास्पद वाटतो. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी 'हायड्रा-मॅटिक' बाजारात आणला, मोठ्या संख्येने बनलेला हा पहिला स्वयंचलित गिअरबॉक्स. पुढे महायुद्धात एम-५ स्टुअर्ट रणगाड्यातही तो बसवला गेला. तत्त्व असं, की इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक डबा, आणि त्या डब्यात समोरासमोर तोंड केलेले दोन पंखे. एक इंजिन फिरवतं. तो तेल भिरकावतो. त्या तेलाच्या मारानं समोरचा फिरतो. दोन पंखे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. हायवेला वेग धरल्यावर आत एक क्लच त्यांना जखडून टाकतो ही गोष्ट वेगळी, पण सिग्नलवरून निघताना तुम्ही, तुमचा ट्रक, ढोल, मसालेभात आणि प्रत्यक्ष विघ्नहर्ता हे सगळे निव्वळ तेलाच्या एका लोंढ्यावर विसंबून असता. तेल ढकलतं. पुढे तेच तेल चक्रव्यूहासारख्या बारीक वाटांमधून जाऊन दाब देतं आणि क्लचच्या चकत्या आवळतं. गिअरच्या दात्यांना वंगण घालतं तेच, उष्णता बाहेर वाहून नेतं तेच, झिजून पडलेला चुरा गोळा करतं तेच. त्याला लाल रंग दिलेला असतो, तो गळालं तर इंजिनच्या तेलापासून वेगळं ओळखू यावं म्हणून.

या तेलाविषयी मला जे काही कळलं ते आमच्या मंडळातल्या एका काकांमुळे. काका एका तेल कंपनीत वंगणांवरच काम करून निवृत्त झाले. ह्यूस्टनमध्ये निवृत्त मराठी इंजिनिअर शोधायला लांब जावं लागत नाही. पण निवृत्त वंगणतज्ज्ञ आपल्या ओळखीचा निघावा आणि आपल्याच ट्रकचं तेल जुनं झालेलं असावं, हा योग मला दैवी वाटला. मी त्यांना साधा प्रश्न विचारला होता, बदलू की नको. काकांनी चष्मा काढून पुसला.

"अरे, प्रश्न तसा नाहीच आहे मुळी," ते म्हणाले. "या तेलाची खरी गंमत काय ते आधी समजून घे. दात्यांवर त्याने निसरडं असलं पाहिजे आणि क्लचच्या चकत्यांवर पकड दिली पाहिजे. एकाच वेळी. घसरू द्यायचं, पण घसरू द्यायचं नाही."

हे काम जमवायला पूर्वी काय घालत होते, हे त्यांनी जे सांगितलं त्याने मी ट्रक विसरलो. देवमाशाचं तेल! स्पर्म व्हेल नावाच्या अजस्र देवमाशाच्या डोक्यातून निघणारं तेल घर्षण अगदी नेमकं साधायचं, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या स्वयंचलित गिअरबॉक्सांच्या तेलात ते थोडं थोडं असे. म्हणजे शिकागोमधला एखादा कारकून आपली ब्यूक घेऊन ऑफिसला निघाला, की त्याच्या पायाखाली पॅसिफिक महासागराचा थोडासा अंश फिरत असायचा. १९७० मध्ये हे देवमासे अमेरिकन कायद्याने संरक्षित यादीत गेले आणि तेल कंपन्यांतले रसायनशास्त्रज्ञ पर्याय शोधायला धावले. वाळवंटी जोजोबाच्या बियांचं तेल गुणांनी देवमाशाच्या तेलाच्या फार जवळचं निघालं. तेच जोजोबा, जे आज शांपूच्या बाटलीवर हिरव्या पानाच्या चित्रासकट भेटतं. काका तासभर बोलले. अँटिऑक्सिडंट, डिटर्जंट, घर्षणसुधारक, तापलेल्या तेलाचं ऑक्सिडेशन. तासाभराने मी पुन्हा विचारलं, "मग काका, बदलू की नको?"

"तेच तर सांगतोय," काका म्हणाले, आणि त्यांनी घड्याळात पाहिलं.

पाहायला गेलं तर 'हात लावू नका' पंथाचं म्हणणं अगदीच भाकड नाही. लाखो मैलांत क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर झिजतं आणि त्याची पूड तेलात मिसळते. सिद्धांत असा, की घसरू लागलेल्या क्लचला ही पूडच काय ती थोडीफार पकड देत असते. नवं, स्वच्छ, निसरडं तेल घातलं की ती गेली. शिवाय नव्या तेलातली डिटर्जंट आतला जुना थर सोडवतात आणि तो कचरा नको त्या बारीक वाटेत जाऊन बसतो. कागदावर हे पटतं. पण यातली मेख अशी, की ज्याच्या क्लचला पकड उसन्या पुडीची लागते त्याचा क्लच आधीच गेलेला असतो. त्याला फक्त अजून कुणी कळवलेलं नसतं.

आणि तेल बदलायला माणूस जातो केव्हा? गाडी सुरळीत असताना कुणालाही ट्रान्समिशनची आठवण येत नाही. गिअर पडताना धक्का बसू लागतो, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही, सिग्नलवर मागचा हॉर्न मारतो, तेव्हा गडी घाबरून तेल बदलायला धावतो. गिअरबॉक्स ठरल्या वेळी मरतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. पुढे वीस वर्षं त्या कावळ्याची गोष्ट सांगितली जाते. फांदीला वाळवी लागली होती हे कुणीच सांगत नाही, कारण त्यात गोष्ट नाही.

मला तर वाटतं, हा वाद तेलाचा नव्हेच. तो आळ कुणावर येणार याचा वाद आहे. हात न लावता गिअरबॉक्स गेला तर लोक भेटायला येतात, हळहळतात. "चांगला चालला हो. दोन लाख मैल म्हणजे काही कमी नाही." मालकाला सहानुभूती मिळते. तेल बदलल्यावर गेला तर तीच माणसं येतात, आणि पहिला प्रश्न विचारतात, "कुणी सांगितलं होतं?" न केलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही. म्हणून सल्ला देणारा शहाणा माणूस नेहमी 'राहू दे' म्हणतो. राहू दिल्याने आजवर कुणाच्या नावाला बट्टा लागलेला नाही.

कंपन्यांनीही या मानवी स्वभावाचा चांगला अभ्यास केलेला दिसतो. आजकाल कित्येक गाड्यांत 'लाइफटाइम' तेल असतं आणि ते तपासायची पट्टीच काढून टाकलेली असते. पट्टी नाही, म्हणजे पाहायला नको, पाहिलं नाही म्हणजे काळजी नको. लाइफटाइम कुणाचा, ते लिहिलेलं नसतं. माझ्या ट्रकच्या काळात पट्टी होती, आणि मालकाच्या पुस्तकात दोन वेळापत्रकं असायची: एक सर्वसाधारण वापराचं आणि दुसरं खडतर वापराचं. खडतर म्हणजे काय? ओझं ओढणं, धूळ, कडक उन्हाळा, थांबत-थांबत चालवणं. आता ह्यूस्टनचा ऑगस्ट घ्या, केटी फ्रीवे घ्या. काही ठिकाणी हा रस्ता सर्व्हिस रोड धरून २६ पदरी आहे, आणि संध्याकाळी पाचला सव्वीसच्या सव्वीस पदर एका गतीने थांबलेले असतात. सर्वसाधारण वापर कुठे होतो ते पाहायला एकदा जायला हवं.

बदलायचं ठरवल्यावर दुकानात गेलो तर तिथे जातिव्यवस्था. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन, त्यातही सहावी पिढी आधीच्यांना सामावून घेते म्हणे. फोर्डचं मरकॉन, त्यात मरकॉन फाइव्ह वेगळं, मरकॉन एलव्ही वेगळं, आणि एकाच्या जागी दुसरं चालणार नाही. क्रायस्लरचं एटीएफ प्लस फोर. टोयोटाच्या तेलाचं नाव 'वर्ल्ड स्टँडर्ड' आणि ते मुख्यतः टोयोटाच्या घरातच चालतं. जागतिक दर्जाची ही व्याख्या मला फार आवडली. सगळी लाल. सगळ्यांच्या बाटल्यांवर इतरांशी सोयरीक न करण्याची सूचना. शिवाय एका कोपऱ्यात 'सर्व गाड्यांसाठी' असं लिहिलेली एक पुरोगामी बाटली होती, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. माझ्या ट्रकला मरकॉन फाइव्ह लागत होतं. ते घेतलं, फिल्टर घेतला, आणि मांजराच्या शौचाची माती घेतली एक पोतं. घरात मांजर नाही. पण सांडलेलं तेल शोषून घ्यायला तिच्यासारखं काही नाही, आणि टेक्सासमधल्या मांजरांपेक्षा गॅरेजांतच ती जास्त खपत असणार.

यानंतर प्रश्न जागेचा. आमच्या वसाहतीच्या संघाचा नियम आहे की दारासमोर गाडी खोलायची नाही. गॅरेजच्या आत काय वाटेल ते करा. पण गॅरेजमध्ये आधीच मंडळाचं मखर, दोन वर्षांपूर्वीचा थर्माकोलचा रायगड आणि घडीच्या खुर्च्या होत्या, शिवाय हा ट्रक साडेअठरा फूट लांब. नाक आत घातलं तरी शेपूट बाहेर. गिअरबॉक्स असतो पोटाच्या मध्यावर, म्हणजे नेमका नियमाच्या रेषेवर. शेजारच्या टेक्सन आजोबांनी डोळा बारीक करून पाहिलं आणि निर्णय दिला, की दुरुस्तीचा भाग छपराखाली आहे, बाहेर आहे तो केवळ उभा केलेला ट्रक.

हे आजोबा कट्टर 'हात लावू नका' पंथाचे. ओक्लाहोमावाला साडू मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितला. पण मी जॅक लावतोय असं दिसताच स्वतःचे मजबूत जॅकस्टँड, टॉर्क रेंच आणि एक परात घेऊन हजर झाले, आणि माझ्याआधी ट्रकखाली शिरले. तिथून त्यांचा आवाज येत राहिला, "मी सांगून ठेवतो, ही चूक आहे. तो पाना दे." हे मला फार लोभसवाणं वाटलं. मतभेद असावेत तर असे, दोघांनी एकाच ट्रकखाली उताणं पडून केलेले.

ज्याने या गिअरबॉक्सचा पॅन, म्हणजे तळाचं तेलाचं भांडं, बनवला त्याने त्याला तेल काढायचा ड्रेन प्लग दिलेला नाही. इंजिनाला दिलाय, याला नाही. त्यामुळे पॅन धरून ठेवणारे चौफेर बोल्ट एकामागून एक सैल करायचे, एक कोपरा हळूच खाली झुकवायचा आणि तेल त्या कोपऱ्यातून परातीत घ्यायचं, अशी कल्पना असते. तेलाची कल्पना निराळी असते. त्याने पलीकडचा कोपरा निवडला. मांजराची माती वाया गेली नाही. बाहेर आलं ते लाल नव्हतं, लालीची आठवण असलेलं काळपट तपकिरी होतं. आजोबांनी दोन बोटांवर घेऊन हुंगलं. जळका वास नाही, म्हणाले, जरासे नाराज होऊन.

पॅन उतरवला आणि तळाशी पिवळ्या प्लास्टिकचं एक बूच पडलेलं दिसलं. अशी वस्तू गिअरबॉक्सच्या पोटात सापडली की अनोळखी माणसाचं काळीज थांबतं. वाटतं, कुठला तरी अवयव तुटून पडला. आजोबा मात्र खो-खो हसायला लागले. फोर्डच्या या जातीच्या गिअरबॉक्सला कारखान्यात तेलाच्या पट्टीची नळी बसायच्या आधी धूळ जाऊ नये म्हणून भोकात एक बूच मारून ठेवतात. पुढे नळी बसवताना ते तसंच आत ढकलून देतात. कोण काढत बसतो? ते पॅनमध्ये पडतं आणि निवांत राहतं, पहिल्यांदा कुणी पॅन उघडेपर्यंत. बूच पॅनमध्ये आहे, याचा अर्थ हा पॅन २००६ पासून कुणी उघडलेलाच नाही.

"बघ!" आजोबा म्हणाले. "दोन लाख मैल. कुणी हात लावला नाही, काही झालं नाही."

मी बुचाचा फोटो काकांना पाठवला. काकांचा लगेच फोन. "बघ! दोन लाख मैल कुणी हात लावला नाही. किती उशीर झालाय!" मग क्षणभर थांबून, "अर्थात, कूलरच्या नळीतून कुणी बदललं असेल तर पॅन न उघडताही बदलता येतं. त्यामुळे निश्चित असं काही म्हणता येणार नाही."

पुराव्याची एवढी सोय मी कधी पाहिलेली नाही. ते बूच मी जपून ठेवलंय. कोणत्याही पंथाचा माणूस घरी आला की काढून दाखवतो, आणि तो समाधानाने परत जातो.

पॅनच्या तळाशी एक लोहचुंबक असतो. त्यावर करडा, लोण्यासारखा गुळगुळीत लगदा जमलेला होता. हे पोलादाचं अतिसूक्ष्म चूर्ण, आणि ते असणारच. हाताला टोचणारे तुकडे, कपच्या सापडल्या असत्या तर मग नवा तेलडबा परत करून पैसे घेतलेले बरे. जुना फिल्टर उतरला पण त्याची रबरी कडी वर खोबणीतच राहिली, ती आजोबांनी एका आकड्याने बाहेर काढली आणि तेवढ्यात नासा, फोर्ड आणि आजकालची तरुण पिढी यांच्याविषयी बोलून घेतलं. फिल्टरच्या खोक्यात नवं गॅस्केट आलं होतं. त्यांनी ते माझ्याकडे फेकून दिलं. कंपनीचं जुनं, रबराचं, आत धातू असलेलं गॅस्केट पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. बोल्ट आवळताना मी जरा जोर लावला तर हातावर चापट बसली. पॅन पातळ पत्र्याचा असतो, बोल्ट अॅल्युमिनिअममध्ये बसतात. पुरुषार्थ दाखवायची ही जागा नव्हे.

नवं तेल भरायचं ते पट्टीच्याच नळीतून, लांब मानेच्या नरसाळ्याने. मुंगीच्या वेगाने. पाचेक क्वार्ट निघालं होतं, तेवढंच घातलं. क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. पण या गिअरबॉक्सच्या पोटात एकंदर चौदाएक क्वार्ट मावतं. उरलेलं जुनं कुठे गेलं? कुठेच नाही. ते त्या दोन पंख्यांच्या डब्यात आणि कूलरच्या नळ्यांत तसंच बसून असतं. पॅन उतरवून बदललं की फार तर एक तृतीयांशाच्या थोडं वर तेल नवं होतं. सगळंच नवं हवं असेल तर हा सोहळा पुनःपुन्हा करायचा, नाहीतर मशीन लावून सगळं उपसून काढायचं. आणि ते मशीन लावावं की नाही यावर आणखी दोन पंथ आहेत. जुन्या गाडीला एक तृतीयांशावर थांबावं, हा शहाण्या मेकॅनिकांचा मध्यममार्ग. जुन्याचं थोडं विरजण राहू द्यायचं, नवं त्यात मुरतं. बदलवाद्यांना वाटतं आपण बदललं, दुसऱ्यांना वाटतं फारसं काही बदललं नाही, आणि दोघांचंही खरं असतं.

मग पातळी पाहायची. इंजिनचं तेल बघायला इंजिन बंद ठेवतात; याचं उलटं. गाडी फिरवून तेल तापवायचं, इंजिन चालू ठेवायचं, दांडा सगळ्या गिअरांतून एकदा नेऊन 'पी'वर आणायचा आणि मग पट्टी काढायची. माझी पट्टी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लाल दिसली. मी आनंदाने आजोबांना दाखवली. "थांब," ते म्हणाले, "तीन दिवस जाऊ देत."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा आजोबा अंगणात झाडांना पाणी घालत होते. आदल्या रात्री धो धो पाऊस पडून गेला होता. ट्रक चालू झाला. पहिला गिअर पडला. वळणावर दुसरा पडला. आरशात मला दिसत होतं, त्यांच्या हातातल्या नळीचं पाणी रस्त्यावर चाललं होतं.

फरक काय पडला? काही नाही. धक्का आधीही बसत नव्हता, आताही बसत नाही. चढ तसाच चढतो, पेट्रोल तसंच पितो. लोकांना हे उत्तर पुरत नाही. एवढा खटाटोप केला तर काहीतरी झालं पाहिजे, चांगलं नाहीतर वाईट. मंडळाचे खजिनदार एकदा पुढच्या सीटवर बसले आणि पन्नास फुटांतच म्हणाले, "वा, किती स्मूथ झाला!" त्यांना मी सांगितलं नाही की त्या पन्नास फुटांत एकही गिअर बदललेला नव्हता.

यंदाच्या गणपतीला मूर्ती आणायला काका माझ्याबरोबर आले. मागे मखर, फळ्या, दोन ढोल. मूर्ती आमच्या दोघांच्या मध्ये, सीटबेल्ट लावून. केटी फ्रीवेवर अर्थातच सगळं थांबलेलं होतं आणि बाहेर अंगाची लाही करणारं ऊन होतं. काका तेलाच्या तापमानाविषयी बोलू लागले. किती तापलं की आयुष्य किती घटतं, कूलर मोठा बसवावा का, पुढचं तेल केव्हा. फार अभ्यासपूर्ण बोलत होते. मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं ते मी विचारलं.

"काका, तुमच्या गाडीचं ट्रान्समिशनचं तेल तुम्ही कधी बदललंत?"

"मी?" काकांनी मूर्तीवरचं फडकं नीट केलं. "छे रे. माझी लीजची असते. तीन वर्षं झाली की मी गाडीच बदलतो. पुढे जो घेईल तो बघेल काय ते."